उसन्या श्वासाची पायपेटी

मित्रांनो, जरा हळू बोला. मी एक जुनी पायपेटी आहे, आणि म्हाताऱ्या माणसांसारखी मलाही दुपारची डुलकी लागते. खिडकीतून ऊन येतं, माझ्या पट्ट्यांवर निवांत पडून राहतं, त्या उन्हात धूळ तरंगते, आणि मला वाटतं, मी अजून झाडच आहे. माझ्या अंगाखांद्यावर पाखरं बसली आहेत आणि कुठून तरी वारा येतो आहे. मग कुणी तरी दार लोटतं. तेव्हा मला आठवतं, मी झाड नाही. नगराच्या सलोखा समितीच्या खोलीत, भिंतीला पाठ टेकून उभी असलेली मी एक पेटी आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी पायपेटी पाहिलीही नसेल. माझ्या पोटात कातड्याचा मोठा भाता आहे आणि खाली दोन पायट्या आहेत. त्या आळीपाळीने दाबल्या की भात्यात वारा भरतो. वर बोट पट्टीवर पडलं की तोच वारा आतल्या पितळी जिभेला हलवून बाहेर पडतो. गाणं म्हणतात ते एवढंच. हात कितीही तयारीचे असोत, पाय थांबले की मी मुकी. माझा श्वास माझा नाही हो. तो मला नेहमी कुणाकडून तरी उसना घ्यावा लागतो.

मला एका सुताराने घडवलं. त्याच्या बायकोने भाता शिवला. शिवताना ती गुणगुणायची, आणि माझी खात्री आहे, त्यातलं थोडं गुणगुणणं टाक्यांबरोबर आत शिवलं गेलं. काम संपल्यावर सुताराने माझ्या लाकडाला कान लावला आणि म्हणाला, “बाई गं, आमचं बोलून झालं. आता तू बोल.”

माझी उमेदीची वर्षं एका प्रार्थनाघरात गेली. तिथले प्रवचनकार बोलता बोलता गाऊ लागत. शब्द जिथे थकायचे तिथून त्यांचा सूर सुरू व्हायचा, आणि त्या सुराखाली अंथरूण घातल्यासारखी मी असायचे. ते म्हणायचे, “ज्याने वारा केला, त्याने वाऱ्याला कुंपण घातलं नाही.” माणसं डोळे मिटून डोलायची. लहान मुलं आईच्या मांडीवर झोपी जायची आणि त्यांच्या झोपेतही मी वाजत असायचे. त्याहून मोठं भाग्य ते कोणतं?

पुढे विजेवर चालणारी वाद्यं आली. त्यांना ना पाय लागत, ना श्वास. मला तळघरात नेऊन ठेवलं. माझ्या डोक्यावर फुलांच्या कुंड्या आल्या, फाटके पडदे आले, एका उंदरिणीने तर माझ्या कोपऱ्यात बाळंतपण उरकलं. मी रागावले नाही. तिची पिल्लं रात्री पट्ट्यांच्या आत पळायची, तेव्हा निदान कुणी तरी आत आहे, असं वाटायचं. कधी दाराच्या फटीतून वारा आलाच तर एखादी पितळी जीभ आपोआप कुजबुजायची. तेवढंच माझं बोलणं. बाकी सगळं स्वप्न.

त्या काळात वर गावात काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. या गावात एक वरची आळी आहे आणि एक खालची आळी. घरात बोलायची भाषा वेगळी, प्रार्थना वेगळी, पण मधला पूल एकच. भांडण कशावरून सुरू झालं ते आता कुणालाच सांगता येत नाही. भांडण मात्र कुणी विसरत नाही. एका संध्याकाळी दोन्हीकडच्या तरुण पोरांनी पुलावर दगडफेक केली. वरच्या आळीतल्या छत्रीवाल्याच्या दुकानाच्या काचा फुटल्या. खालच्या आळीतल्या लोहाराच्या भट्टीत शिरून कुणी तरी त्याचा भाता सुरीने उभा फाडला. भट्टी कितीतरी दिवस थंड पडली होती.

म्हणून नगरपालिकेने सलोखा समिती नेमली. दोन्ही आळ्यांतल्या मुलामुलींना एकत्र आणायचं, एकमेकांची ओळख करून द्यायची, हे तिचं काम. अध्यक्ष म्हणून एक म्हाताऱ्या सुईणबाई आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. दोन्हीकडची निम्मीअधिक पोरं त्यांच्याच हातांवर जगात आलेली. त्या म्हणायच्या, “पहिलं रडणं सगळ्यांचं एकाच सुरात असतं. नंतर कुठे बिघडतं, देव जाणे.” त्यांनीच मला तळघरातून वर आणवलं, कोरड्या फडक्याने पुसलं आणि माझा भाता सांधून घेतला.

पण मित्रांनो, चांगल्या मनाची माणसंही कधी कधी चांगल्या मनाने घोटाळा करून बसतात. समितीचे कारकून फार न्यायी. कुणावर अन्याय नको, कुणाची कुरबूर नको. त्यांनी भिंतीवर वेळापत्रक लावलं. वरच्या आळीला जितका वेळ, तितकाच खालच्या आळीला. गाणी सारखी, खुर्च्या सारख्या, सरबताचे पेलेसुद्धा सारखे. आणि जाता-येता धक्काबुक्की नको म्हणून दोन्हींच्या मध्ये मोकळा वेळ. इतका चोख न्याय झाला की कुणी कुणाला भेटलंच नाही. दोन्ही आळ्यांच्या वाट्याला मी सारखी आले. एकमेकांच्या वाट्याला मात्र कुणीच नाही.

वरच्या आळीच्या वेळात पाखरू यायची. ती छत्रीवाल्याची मुलगी. हे लाडाचं नाव तिच्या बापाने ठेवलेलं. तिचा एक पाय जन्मापासून अधू, त्याला लोखंडी पट्ट्यांचा आधार. चालताना त्याचा बारीक आवाज व्हायचा. आधी तिचा चुलतभाऊ पायट्या मारायचा आणि ती वाजवायची. तो कामासाठी परगावी गेला, तेव्हापासून ती एकटीच यायची. रोज एकच गाणं वाजवायची. छत्र्या दुरुस्त करताना तिचा बाप जे गाणं म्हणायचा, ते. त्याने स्वतःच जुळवलेलं. आता त्याला घशाचं मोठं दुखणं झालं होतं आणि आवाज पार गेला होता. वर्षाअखेरीस समितीचा मेळावा होता. त्याच्या दुसऱ्याच दिवशी बापाला दूरच्या इस्पितळात न्यायचं होतं. तो परत येईल की नाही, ते कुणी सांगत नव्हतं. जाण्याआधी त्याचं गाणं त्याला एकदा पूर्ण ऐकवायचं, एवढंच पाखरूच्या मनात होतं.

आणि ते पूर्ण होत नव्हतं. गाणं चढू लागायचं, तिथेच पाय थकायचा आणि माझा श्वास तुटायचा. मला फार वाईट वाटायचं. पण पेटी स्वतःहून काय करणार?

एके दिवशी दार लोटून एक मुलगी आत आली. खालच्या आळीची. लोहाराची पुतणी. तिचे आईबाप लांब कामाला, ती काकाकडेच वाढलेली. काका तिला ठिणगी म्हणतो, आणि ते खोटं नाही. दुसऱ्या आळीच्या वेळात आत यायचं नाही, हा नियम तिला ठाऊक होता.

“तुझं गाणं रोज त्याच जागी का गुदमरतं गं?” तिने विचारलं. “बाहेर उभं राहून माझाच जीव वरखाली होतो.”

“पाय दमतो,” पाखरू म्हणाली.

“आणि दुसरा?”

“तो जन्माला आला तेव्हाच दमलेला होता.”

ठिणगी हसली, मग ओशाळली, मग दोघी हसल्या.

“सरक,” ठिणगी म्हणाली.

“तू खालच्या आळीची ना?”

“मी असेन. पायांना कुठली आली आळी? सरक म्हणते ना.”

एकाच बाकड्यावर दोघी बसल्या. पहिल्यांदा सगळा गोंधळच झाला. ठिणगी पायट्या अशा दाबायची की जणू कुणाशी शर्यत लागली आहे. मी भोकाड पसरल्यासारखी ओरडले. पाखरूने तिला सांगितलं, नुसते पाय नको मारूस, ऐक. सूर हळू झाला तर हळू, चढला तर आधीच भरून ठेव. हळूहळू ठिणगीचे पाय ऐकू लागले. वाजवायला बोटं लागतात, मित्रांनो, पण श्वास द्यायला कान लागतात. ज्याचं गाणं आपलं नाही, त्याला आपला श्वास द्यायचा, म्हणजे आधी ते मन लावून ऐकावं लागतं. हे मला प्रार्थनाघरातही इतकं नीट उमगलं नव्हतं.

त्या दिवशी गाणं अडलं त्या जागेच्या पुढे गेलं. पुढे काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. जणू धुक्यातून चालता चालता एकदम उजेडाचं अंगण लागावं, तसं काहीसं.

मग रोज तसंच होऊ लागलं. कारकुनांना कळलं तेव्हा ते वेळापत्रकाकडे बोट दाखवत मोठ्या बाईंकडे गेले. बाई दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, “राहू द्या हो. आपण वेळ वाटत बसलो आणि भेट घालायचीच राहून गेली.”

पण गोष्ट लोहारकाकांच्या कानावर गेलीच. मेळाव्याच्या आदल्या दिवशी ठिणगी आली ती बाकड्यावर बसलीच नाही. दारातूनच तिने सांगितलं, काका म्हणतो, ज्यांनी माझा भाता फाडला त्यांच्या गाण्याला माझ्या घरातले पाय लागणार नाहीत. तिचे डोळे भरले होते. पाखरू नुसती माझ्या पट्ट्यांवर हात ठेवून बसून राहिली. तिच्या बोटांना घाम आला होता. तो मला अजून आठवतो.

मेळाव्याला मला सभागृहात नेलं. कारकुनांनी तिथेही मधोमध वाट सोडून दोन्ही आळ्यांना सारख्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत छत्रीवाला बसला होता, मांडीवर एक मिटलेली छत्री घेऊन. वाटेच्या पलीकडे लोहारकाका, शेजारी ठिणगी, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून. पायट्या मारायला मोठ्या बाई स्वतः उठू लागल्या, पण त्यांचे गुडघे त्यांचंच ऐकत नाहीत. वरच्या आळीतले एकदोघे पुढे आले. पाखरू हट्टाला पेटली होती. “ठिणगी नाही तर मी एकटीच वाजवते,” म्हणाली.

तिने सुरुवात केली. चांगली केली. छत्रीवाल्याने डोळे मिटले. गाणं चढू लागलं, आणि त्याच जागी तिचा पाय थरथरला. माझ्या पोटातला वारा सरत चालला. सूर बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि त्यातून एक लांब, भुकेला उसासा निघाला. पाखरूने मान खाली घातली, पण पट्टीवरचं बोट उचललं नाही.

मला समोर लोहारकाका दिसत होते. त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते, कुणावरच नव्हते. पण त्यांचा उजवा हात गुडघ्यावर वरखाली होत होता. आयुष्यभर भाता ओढलेला हात तो. त्याला राग ठाऊक नव्हता, भाता ठाऊक होता. मग काका उठले. मधली वाट ओलांडून ते सरळ चालत आले, तेव्हा कारकुनांनी छातीवर हात ठेवला आणि दोन्हीकडच्या बाप्यांनी खुर्च्या मागे सारल्या.

काका माझ्यासमोर गुडघ्यावर बसले आणि दोन्ही तळहातांनी पायट्या दाबल्या.

“थांबू नकोस पोरी,” ते हळू आवाजात म्हणाले. “भाता उपाशी मरताना मी एकदा पाहिलाय. परत नाही बघवत.”

माझ्यात वारा आला. भट्टीवरचा वारा तो, रुंद आणि ऊबदार. पण काकांना गाणं कुठे येत होतं? त्यांनी मान न वळवता हाक मारली, “ठिणगे, बसलीस काय? कुठे जोर आणि कुठे सबुरी, ते तू सांग.”

ठिणगी धावत आली आणि काकांच्या खांद्यावर हलक्या थापा देत राहिली. तिची थाप, काकांचे हात, पाखरूची बोटं आणि माझ्या आत कधीकाळी शिवलेलं ते गुणगुणणं, सगळं एक झालं. गाणं धुक्यातून बाहेर पडून अंगणात आलं. छत्रीवाल्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण शब्द एकही चुकला नाही. त्याची बोटं छत्रीच्या मुठीवर ताल धरत होती.

गाणं संपलं आणि टाळ्या झाल्या. काका धूळ झटकत उठले. छत्रीवाल्याने हात जोडले, तसे ते अवघडले आणि म्हणाले, “मी गाण्याला नाही आलो. भात्याला आलो.” पण जाताना ते आपल्या खुर्चीकडे गेले नाहीत. छत्रीवाल्याच्या शेजारी जागा होती, तिथेच टेकले.

छत्रीवाला दुसऱ्या दिवशी गेला. दिवस लांबले, पाखरू रोज येऊन वाजवत राहिली आणि ठिणगी पायट्या मारत राहिली. एका दुपारी मी अशीच झाडाच्या स्वप्नात असताना दार लोटलं गेलं. दारात छत्रीवाला उभा होता. वाळलेला, पण उभा. त्याचा आवाज काही परत आला नाही. तो मात्र आला.

भिंतीवरचं वेळापत्रक मोठ्या बाईंनी उतरवलं. आता खोलीचा एकच रिवाज आहे. वाजवणारा ज्या आळीचा, पायट्या मारणारा त्या आळीचा नको. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, एकमेकांना टोमणे मारतात, कुणाचे पाय बेताल म्हणून खिदळतात. थोड्या वेळाने ऐकू लागतात. भांडणं अजून होतात, ते मी लपवत नाही. पण भांडून आलेल्यांनाही माझ्यापाशी बसायचं तर एकाच बाकड्यावर बसावं लागतं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्या डोक्यावर कुंडी ठेवू नका. मला ओल्या नाही, कोरड्या फडक्याने पुसा. भात्याचा टाका उसवला तर वेळीच सांधा. आणि देवाने प्रत्येकाच्या छातीत जो भाता ठेवला आहे, तो फक्त आपल्याच गाण्यासाठी राखून ठेवू नका.

ऊन पट्ट्यांवर आलं आहे आणि माझे डोळे पुन्हा जड होत आहेत. दार लोटलेलं आहे, कडी नाही. या कधीही. येताना बोटं तुमची आणा आणि पाय दुसऱ्या आळीचे.