आत बाळ नव्हतं

मेणाचा थेंब. वहीच्या पानावर, ‘दार’ या शब्दाच्या बरोबर खाली, थिजून घट्ट झालेला—नखाने खरवडला तर कागदाचं सालही निघेल. रॉकेल मिळत नाही म्हणून वर्गातल्या मरियाने चर्चमधल्या उरल्यासुरल्या मेणबत्त्यांच्या उजेडात ही गोष्ट लिहिली होती, आणि आमोस सर दुपारपासून गोष्टीकडे न बघता त्या थेंबाकडे बघत होते.

संध्याकाळपर्यंत पान द्यायचं होतं. सव्वीस जानेवारीला शाळेचं हस्तलिखित निघणार. सुंदर अक्षराचा मच्छिंद्र सगळ्यांच्या गोष्टी उतरवून काढत होता, एवढीच राहिली होती.

दर शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, सर सांगत—ओळखीची गोष्ट घ्या, तिची एक गाठ सोडा, नवी मारा. मुलं गाठी मारत. एकाने कासवाला हरवलं. मच्छिंद्रच्या कावळ्याने श्रीरामपूरच्या तहसीलमधून सिमेंटचं परमिट काढलं आणि शेणाऐवजी पक्कं घर बांधलं. वर्ग हसला, सरही हसले—हसायला काय जातं, असली कलाटणी कुणालाही सुचते, मलाही सुचली असती.

मरियाची सुचली नसती.

तिने काहीच बदललं नव्हतं. तोच पाऊस—यंदा तालुक्यात न पडलेला—वाहून गेलेलं तेच शेणाचं घर, मेणाच्या घराच्या दाराशी भिजणारा कावळा, आणि आतून चिमणी: थांब, बाळाला न्हाऊ घालते... थांब, तीट लावते... थांब, झोपवते... फक्त शेवटी एक ओळ. आत बाळ नव्हतं.

“का गं नव्हतं?” त्यांनी वर्गात विचारलं होतं.

“आसतं तर रडलं नसतं व्हय, सर? दारात येवढा गलका, अन् त्याचा आवाज एकदाबी न्हाई.”

“मग चिमणी दार का उघडत नाही?”

“उघडलं तर कावळ्याला दिसंल की.”

“काय दिसेल?”

“आत कायबी न्हाई, त्ये.”

“लई खोटारडी चिमनी हाय!” मच्छिंद्र ओरडला, सगळे हसले, आणि आमोस सर म्हणाले—आवाज त्यांचाच, पण म्हणालं कोण?—“लहान मुलं वाचणार आहेत. बाळ परत आण.” तिने आणलं नाही. वही तशीच दिली.

बारा वर्षं. बारा वर्षं बायको, हन्ना, शेजाऱ्यांना सांगते, हळू बोला, हे कादंबरी लिहितायत. पोरांना अंगणात हाकलते, चहा दाराबाहेर ठेवून जाते. पुण्याच्या प्रकाशकाने तीनदा विचारलं. मी कळवलं, शेवटचं प्रकरण राहिलंय... मग, भाषेवरून एकदा हात फिरवतो... मग, स्वच्छ प्रत काढतोय... टेबलाच्या कप्प्यात कोऱ्या तावांचा गठ्ठा आहे. वरच्या तावावर कादंबरीचं नाव आहे. नाव चांगलं आहे.

लाल पेन्सिलीने त्यांनी मरियाची ती ओळ खोडली. वर लिहिलं: बाळ गाढ झोपलं होतं. वाचून पाहिलं. मेलेलं वाक्य—पण कुणाची झोप न मोडणारं.

बाहेर चपलांचा आवाज.

“बाई, सर हायत का? माजी वही पायजे. शेवट बदलायचा आसंल तर माजी गोष्ट नगं हस्तलिखितात.”

“थांब जरा,” हन्ना दबक्या आवाजात म्हणाली, “सर लिहितायत.”

“कवापर्यंत?”

 हन्ना गप्प राहिली, जरा जास्तच वेळ, आणि आमोस सरांना एकदम आठवलं—टेबल रोज हीच पुसते. कप्प्याला कुलूप नाही.

कडी हाताशी होती. “थांब,” ते आतून म्हणाले, “एवढं—” आणि पुढे काय, ते सुचेना. लाल रेघेखाली खोडलेली अक्षरं अजून वाचता येत होती. दाराबाहेर दोघी उभ्या. त्यांना ऐकू जाईल म्हणून श्वास रोखून आमोस सर स्वतःच्याच खोलीत कान देऊन बसले—काहीतरी, कुठूनतरी, एकदा तरी रडेल म्हणून.