नवरीला रडवणारी धून

साल चौऱ्याऐंशी. न्यू जर्सीतल्या एका रिहॅब सेंटरमध्ये मालिनी स्पीच थेरपिस्ट होती. भल्याभल्या पेशंटना तिने बोलतं केलं होतं, पण ग्लुखमन आजोबांपुढे तिने हात टेकले होते.

युक्रेनमधल्या त्यांच्या गावात ग्लुखमनांचं पिढीजात काम एकच, ज्यूंच्या लग्नात वाजवायचं. सिनॅगॉगमधल्या प्रार्थनेची आळवणी, रुमानियन मेंढपाळांची लकेर, जिप्सींचा ठेका, जे कानावर पडेल ते उचलायचं आणि आपलं करून टाकायचं. क्लेझमर म्हणतात ते हेच. नाच नंतर, आधी नवरीला खुर्चीत बसवून क्लॅरिनेटने असे हुंदके द्यायचे, की तिला रडू आलंच पाहिजे. नाही आलं तर वाजवणाऱ्याची नाचक्की! त्यासाठीची ग्लुखमनांची धून खास घरची होती, बापाकडून मुलाच्या कानात आलेली. कागदावर एक सूर नाही.

आजोबांच्या मुलाला या रडगाण्याची लाज वाटे. त्याने आयुष्यभर फर्निचर विकलं. नातीला, डेब्राला मात्र आता त्याच संगीताचं वेड लागलं होतं. रविवारी धाकट्या बहिणीच्या लग्नात तिला ती धून वाजवायची होती. पण ती शिकायला आली तोवर आजोबांना स्ट्रोक झाला होता. वाचा बंद, ओठ लुळे, उजवा हात गेलेला.

"स्पीच गेली तरी काही पेशंट गाऊ शकतात," असं सांगून मालिनीनेच तिला आशा लावली होती. कुठून बुद्धी झाली! आजोबांच्या घशातून नुसती घरघर निघाली.

मग लहानपणी ऐकलेलं आठवून डेब्रा क्लॅरिनेटवर वाजवू लागली. आजोबा मान हलवत, नाही. तिने हुंदका वर घेतला, खाली घेतला. नाही. डाव्या हाताने ते हवेत काहीतरी दाखवत. सूर, वळण की नुसता संताप, कुणाला कळावं? धून त्यांच्या डोक्यात अख्खी वाजत होती आणि तिथवर पोचायची वाट मालिनीजवळ नव्हती. तिला स्वतःचीच चीड आली.

शुक्रवारी डेब्राचा ओठ फुटला. रक्त टिपून तिने पुन्हा वाजवलं. अगदी कालच्यासारखं.

आजोबांनी तिच्या फुटलेल्या ओठाकडे पाहिलं. मग त्यांनी मान डोलावली. हो.

"आय गॉट इट!" म्हणत डेब्रा त्यांच्या गळ्यात पडली.

कालच्यात आणि आजच्यात तिळमात्र फरक नव्हता, हे मालिनीच्या कानांनी ऐकलं होतं. नातीच्या खांद्यावरून आजोबांनी मालिनीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते आनंदाचं आहे, असं डेब्राला वाटलं. मालिनीने तिला तसं वाटू दिलं.