दबलेला उजवा स्पीकर

मी एक जुनी केबल आहे. स्टिरिओच्या एका यंत्रातला आवाज दुसऱ्या यंत्रात नेणारी, लाल-पांढऱ्या पिनांची, हातभर लांबीची. मित्रांनो, आता माझ्या पिना सैल झाल्या आहेत, वेष्टन तडकलं आहे आणि खरं सांगू? मी दमले आहे. कामाने कोणी एवढं दमत नाही. सारखं इकडून उपटून तिकडे खुपसल्याने दमतं.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. बाहेरची खरखर आत शिरू नये म्हणून तिथल्या एका बाईंनी माझ्या तारांभोवती तांब्याची बारीक जाळी चढवली आणि पिनांना हळुवार हाताने डाख दिला. दुकानात मी ऐटीत काचेमागे पडून असे. तिथून मला बसवाल्या काकांनी घरी आणलं.

काकांचा जन्म बस चालवण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी बैठकीच्या खोलीत हौसेने स्टिरिओ मांडला. रेकॉर्ड काकांच्या, कॅसेट काकूंच्या. संध्याकाळी दोघं शेजारी बसून ऐकत. पण हल्ली उजवा स्पीकर दबका वाटतो, अशी काकांची तक्रार होती. त्या दुखण्यावरचं औषध म्हणून मी आले.

चांगली केबल एकच, मग ती लावायची कुठे? काकांनी बराच विचार केला. "रेकॉर्डची सुई मुळात अगदी नाजूक आवाज देते," ते म्हणाले. "तो वाटेतच सांडला तर पुढे अँप्लिफायर मोठं करणार काय?" म्हणून मी रेकॉर्ड प्लेअरला लागले आणि जीव ओतून काम केलं. "वा! किती स्वच्छ," काकू म्हणाल्या. मला धन्य वाटलं. काकांनी मात्र मान हलवली. उजवा अजून दबलेलाच होता.

मग मला कॅसेट डेकला लावलं. तिथून पुन्हा रेकॉर्ड प्लेअरला. दर वेळी काका पिन न धरता मला दोरासारखं ओढत.

"अहो, दोन्हीकडून सारखंच येतंय."

"तुला त्यातलं काय कळतंय?"

काकूंनी बोलणं सोडलं. डेकच्या तारा सदा निघालेल्या, त्यामुळे कॅसेट लावणंही सोडलं. संध्याकाळी त्या आत बसू लागल्या. इतकी मेहनत करून मी त्या घरातलं ऐकणंच बंद पाडलं की काय, असं मला वाटे.

एका दुपारी काकांनी माझी उजव्या आवाजाची लाल पिन डाव्या आवाजाच्या पांढरीच्या जागी लावली, पांढरी लालच्या जागी. दोष माझ्यात असता तर तो आता डावीकडे गेला असता. गेला नाही. त्यांनी दोन्ही स्पीकरांची अदलाबदल केली. तरी उजवीकडेच मंद. वैतागून ते पाठ फिरवून स्टुलावर बसले आणि जुन्या तारांचा गुंता सोडवू लागले. रेकॉर्ड चालूच होती. आणि एकदम त्यांचे हात थांबले. मघापर्यंत दबलेला स्पीकर आता खणखणीत वाजत होता, आणि दुसरा मंद झाला होता. ते वळले. पुन्हा पाठ केली. पुन्हा वळले.

"अगं, जरा इकडे ये," त्यांनी हाक मारली. "स्पीकर ठणठणीत आहे. माझा कान गेलाय. बसच्या खिडकीकडचा."

"मला वाटलंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तेव्हा मी तुमच्या उजवीकडे बसले होते."

काका हसले आणि हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग काका उठले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला पिन धरून अलगद काढलं.

"ही तुझ्या डेकला लावतो. बारीकसारीक फरक आता तुलाच कळणार. मला साधी वायर पुष्कळ झाली."

तेव्हापासून मी तिथेच आहे. डॉक्टर झाले, औषधं झाली, कान काही परतला नाही. मीही आता थकत चालले आहे, मधूनच खरखरते. काकू मागे हात घालून मला नीट बसवतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तार काढताना तिला ओढू नका, पिन धरा. आणि घरातलं कुणी पुन्हा पुन्हा "काय?" असं विचारू लागलं, तर आवाज चढवू नका. उठा, आणि त्याच्या ऐकत्या बाजूला जाऊन बसा.