नाथाजीबुवांची पिवळी धार

नाथाजीबुवांच्या मांडवात सांगलीपासून कराडपर्यंतची माणसं लोटली होती. बुवा रोग्याचे हात एका तांब्यातल्या पाण्यानं चोळायचे, मग दुसऱ्या तांब्यातलं पांढुरकं पाणी वर ओतायचे, की परातीत हळदीसारखी पिवळी धार!

"निघाली! कावीळ निघाली!" बुवा गरजायचे. "पण डॉक्टरचं औषध घेतलंत, तर गुण जाईल!"

रेश्माचा दीर धैर्यशील तिथंच चटईवर पडला होता. डोळे पिवळेधमक, सकाळपासून ओकाऱ्या, आणि आता तो बरळायला लागला होता. डॉक्टरांनी दवाखान्यात दाखल करायला बजावलं होतं; पण रेश्माच्या सासूबाई, चंद्राबाई, हटून बसल्या होत्या.

"आवं आत्याबाई, भावजींना सांगलीला न्यायचं," रेश्मा म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"गप गं! आपल्या गल्लीतला लालासाहेब कावीळ झाली तवा हितं आला, हात धुतलं, आन पंधरवड्यात बरा झाला. डोळ्यांनी बगितलंय मी."

"आला ते खरं, बरा झाला तेबी खरं. पण हात धुतल्यामुळंच झाला, हे कुणी बगितलं?"

चंद्राबाईंनी तोंड फिरवलं. मग रेश्मा उठली आणि मांडवाबाहेरच्या बांगडीवाल्या पूजाकडून बांगड्या मांडायचा प्लास्टिकचा हात मागून आणला.

"बाई, ह्याला बांगड्या भरू का?" पूजानं विचारलं.

"नको, ह्याला कावीळ झालीय."

डोक्यावरून शाल घेऊन रेश्मा रांगेत बसली. धुपाच्या धुरात बुवांनी पुढं आलेला हात धरला. नजर मात्र गर्दीवरच. चोळता चोळता ते दचकले.

"लय गार पडलाय! कावीळ हाडापत्तुर गेलीया!"

"वाचंन का महाराज?" शालीतून कण्हणं आलं.

"माझ्याकडं आलीस, आता मेलेलंबी उठंल!"

पाणी पडलं. पिवळीजर्द धार! "निघाली!" बुवा ओरडले.

रेश्मा उभी राहिली. हात बुवांच्याच हातात राहिला.

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, "आरं, प्लास्टिकला कावीळ झाली गड्या!"

"करणी! ही करणी हाय!" बुवा चाचरले. तोवर रेश्मानं त्याच दोन तांब्यांनी चंद्राबाईंचे धडधाकट हात धुतले. धार तीही पिवळी!

"पहिल्यात आंब्याच्या सालीचा काढा, दुसऱ्यात चुन्याचं पाणी," रेश्मा म्हणाली. " दोन्ही मिसळली की पिवळं होतं, हात कुणाचाबी असू दे."

"मग लालासाहेब?"

"दूषित पाण्याची कावीळ बऱ्याच जणांची विश्रांतीनं आपली आपण उतरते. ते बुवाचं नाव घेतात. जे दगावतात, ते सांगायला परत येत न्हाईत, आत्याबाई."

चंद्राबाईंनी लेकाकडं पाहिलं. आई समोर असून तो "आई कुठाय?" म्हणत होता. त्या ताडकन उठल्या, "रिक्षा आणा रं कुणीतरी!"

धैर्यशील वाचला. यकृत पार सुजलं होतं. आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

कार्यकारणभाव हा शब्द मोठा आहे, अर्थ सोपा. एकामागून दुसरं घडलं म्हणजे पहिल्यामुळं घडलं, असं नव्हे. पहिलं वगळलं तर दुसरं घडतं का, तेही पाहावं लागतं. हल्ली गल्लीत कुणी अंगाऱ्याचा गुण सांगू लागलं, की चंद्राबाई विचारतात, "आन अंगारा न लावता किती बरी झाली?"

तुम्हीही विचारा. हात जोडण्याआधी विचारा.