पुन्हा सांगा

खर्डा पहिला

मी, शहराची पोलीस प्रमुख, चौकशी समितीला लिहून देते की, मंगळवारी दुपारी कामावरून काढलेल्या बसवाहकांनी डेपोचं फाटक अडवलं होतं. ते मोकळं करण्याचा हुकूम मी कंट्रोल रूममधून वायरलेसवर दिला. लाठ्या चालल्या. जमाव मागे रेटला गेला. मागे उतरता जिना होता. एक महिला वाहक, वय एकेचाळीस, जिन्यावर चेंगरून जखमी

(‘जखमी’ खोडलं. ‘मरण पावली’ लिहिलं.)

लॉगबुक, मंगळवार

४.१२ प्रमुख: फाटक मोकळं करा.
४.१२ डेपोवरचे इन्स्पेक्टर: पुन्हा सांगा.
४.१३ प्रमुख: फाटक मोकळं करा.
४.१३ इन्स्पेक्टर: पुन्हा सांगा.
४.१३ प्रमुख: कानात बोळे घातलेत का? आत्ताच्या आत्ता!
४.१४ इन्स्पेक्टर: समजलं.

लेखनिक

“मॅडम, हे तर आयतंच हातात आलंय,” लेखनिक लॉगबुकवर बोट ठेवून म्हणाले. “दोनदा ‘पुन्हा सांगा’. म्हणजे आवाज नीट पोचत नव्हता. ‘संदेश अस्पष्ट’, एवढे दोन शब्द घाला. वरूनही तोच निरोप आहे. पुढचं घुम्याच्या गळ्यात.”

घुम्या म्हणजे तो इन्स्पेक्टर. गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलला तर पगार कापतील, अशा बेताने बोलणारा.

“ते काय म्हणतात?”

“सकाळपासून बाहेर बाकावर बसलाय. चहा विचारला, तर मान हलवली. हो म्हणाला की नको, देव जाणे. चहा मीच प्यायलो.”

खर्डा दुसरा

...संदेश अस्पष्ट असल्यामुळे जागेवरील अधिकाऱ्याने हुकुमाचा चुकीचा अर्थ

(इथे पेन ठेवलं. जेवायला घरी गेले.)

घर

बाबा हवालदार होते. मी दारात आले की अजून सॅल्यूट ठोकतात. आज ठोकला नाही.

“बाबा, वायरलेसवर तुम्ही ‘पुन्हा सांगा’ कधी म्हणायचात?”

“ऐकू आलं नाही की.”

“आणि?”

त्यांनी घास सावकाश चावला. “आणि चांगलं ऐकू आलं की. साहेबाला ‘नको’ म्हणायची सोय नसते, पोरी. ‘पुन्हा सांगा’ म्हणता येतं. शहाणा साहेब असला तर विचारतो, का रे बाबा, काय दिसतंय तुला तिथून?”

हे मला ठाऊक नव्हतं, असं नाही. नवी होते तेव्हा मीही म्हटलं होतं, एकदा. त्या साहेबांनी विचारलं होतं.

“जेव आधी,” बाबा म्हणाले. ताटात काय होतं ते आता आठवत नाही.

बाक

मी परतले तसा इन्स्पेक्टर उठून उभा राहिला. मी बसा म्हटलं, तरी उभाच.

“जिना दिसत होता?”

“हो, मॅडम.”

“मग बोलला का नाहीत?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, सरळ.

“बोललो, मॅडम. दोनदा.”

खर्डा तिसरा

आवाज स्वच्छ होता. इन्स्पेक्टरने दोनदा पुन्हा सांगा म्हटलं, त्याचा अर्थ मला कळला होता. मला घाई होती. जमावामागे काय आहे ते मी विचारलं नाही. विचारणं हे माझं काम होतं. हुकूम माझा. तिच्या मृत्यूची जबाबदारी माझी, इन्स्पेक्टरची नाही.

लेखनिकांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हाच टाईप करा,” मी म्हटलं.

“मॅडम, पुन्हा सांगा.”

मी तोंड उघडलं. मिटलं.

“का? काय दिसतंय तुम्हाला तिथून?”

“रिकामी खुर्ची, मॅडम.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. “तुमची.”

“बरोबर दिसतंय,” मी म्हटलं. “टाईप करा. तीन प्रती.”