वेबस्टर हंस का खात न्हाईत

उत्कर्षा बिराजदारचं काम ऐकलं की शुक्रवार पेठेतली माणसं आधी हसायची आणि मग परत विचारायची, काय म्हणलीस? ती घरात बसून, लॅपटॉपवर, इंग्लंडमधल्या लोकांच्या आडनावांचा इतिहास लिहायची. म्हणजे तिकडं कुणाला वाढदिवसाला काय द्यायचं सुचलं न्हाय की ते एका वेबसाइटवर आपलं आडनाव टाकायचे, आणि आठवड्यात फ्रेम केलेला इतिहास घरपोच. छापणारे तिकडं, लिहिणारी हिकडं, आणि मधी एक मॅडम. मॅडमला उत्कर्षानं कधी बघितलं न्हवतं, नुसत्या ईमेल यायच्या.

"परक्यांच्या पिढ्या लिहितीस," तिचे पप्पा सिद्धेश्वर म्हणायचे, "आणि सोताच्या पणज्याचं नाव येत न्हाय तुला."

खरंच येत न्हवतं. पण वाद घालायची ही वेळ न्हवती, कारण तिचे दोन इतिहास परत आलते. ट्रायल तीन महिन्यांची. तिसरा परत आला की काम बंद, आणि काम बंद झालं की कुर्डुवाडीला काकाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, हे पप्पांनी दिवाळीतच ठरवून टाकलेलं. काकानं तर तिच्यासाठी खुर्चीपण घेतली होती, गोल फिरणारी, आणि तिचा फोटो पाठवला होता. खुर्चीचा.

तर तिसरं आडनाव आलं, वेबस्टर.

उत्कर्षा खूश की. सोलापुरात वाढलेली पोरगी, आणि वेबस्टर म्हणजे विणकर. त्यात मजा अशी की जुन्या इंग्रजीत तो शब्द आधी विणणाऱ्या बाईसाठी होता, पुरुष नंतर त्यात घुसले. तिनं एका दमात दोन पानं लिहिली, माग आणला, धोटा आणला, लोकर आणली, आणि दिलं पाठवून.

बुधवारी सकाळी मॅडमची ईमेल. गिऱ्हाईक अॅलन वेबस्टर, राहणार यॉर्कशायर, यांचं म्हणणं असं की विणकराचं त्यांना शाळेपासून माहिती हाय. हा लेख जगातल्या कुठल्याबी वेबस्टरला चालेल. रविवारी त्यांच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस, तिला ह्यात आपलं असं काय सापडणार? शेवटची संधी, शुक्रवारपर्यंत.

उत्कर्षानं लॅपटॉप मिटला आणि त्याच्यावर डोकं ठेवलं.

"काय करलालीस?" पप्पांनी विचारलं.

"काय न्हाय."

तेवढ्यात बेल वाजली. दारात निंगप्पा हेळवी.

हेळवी म्हणजे घराण्याची वही सांभाळणारा माणूस. चार-सहा वर्षांनी एकदा सुगीला येतो, तुमच्या पिढ्या म्हणून दाखवतो, नवीन नावं लिहून घेतो, ज्वारी-घोंगडं घेऊन पुढच्या घरी. निंगप्पाचा आजा बैलावर बसून यायचा. निंगप्पा अक्कलकोटच्या एसटीनं आला, वही खताच्या पिशवीत गुंडाळलेली. सहा वर्षांनी आला होता. मागच्या वेळी उत्कर्षा क्लासला गेलती, त्याच्या आधी लई लहान होती, त्यामुळं तिनं हे कधी ऐकलंच न्हवतं.

निंगप्पानं चहा घेतला, डोळे मिटले आणि सूर लावला, अर्धं कानडी, अर्धं मराठी. मूळ गाव सांगितलं, मूळ पुरुष सांगितला, आणि मग आला पणज्याच्या बापावर.

"रुद्रप्पानं पडवळाचा येल लावला. येल चढला शेजाऱ्याच्या छपरावर. शेजाऱ्यानं पडवळं तोडून खाल्ली. काठ्या निघाल्या, आन् रुद्रप्पानं गाव सोडलं. तवापासनं ह्या घरात पडवळ शिजत न्हाय."

उत्कर्षा ताठ झाली. घरात पडवळ कधीच येत न्हवतं. तिला वाटायचं मम्मीला आवडत न्हाय. मम्मीला वाटायचं सासूला आवडत न्हवतं.

"येल शेजाऱ्याचा होता," पप्पा म्हणले. "आमच्या छपरावर आलता."

"वहीत तुमचा हाय, अण्णा."

"वही चुकली असंल."

"वही माझ्या आज्यानं लिवली. तुमचा आजा म्होरं बसूनच सांगत हुता."

पप्पांनी कप उचलून तोंडाला लावला. चहा कधीच संपला होता.

"अज्जा," उत्कर्षा म्हणली, "तुमच्या वहीत वेबस्टर लोकांचं काय हाय का?"

"कुठल्या गावचे?"

"इंग्लंड."

"तितं हेळवी कोण हिंडतो?"

"त्यांच्यात हेळवीच न्हाय."

निंगप्पाला मनापासून वाईट वाटलं. "मग सोयरीक कशी करत्यात?"

"तशीच."

"काय न इचारता?" त्यानं पप्पांकडं बघितलं, पप्पांनीबी मान हलवली. "बरं, मूळ पुरुष कोण?"

"बाई हाय, अज्जा. विणणारी बाई. नाव तिच्यावरनं पडलंय."

"मग बाईपासनं लिव, त्येला काय. पण तू त्येस्नी इचारलंस काय? आमी काय वरनं आणत न्हाय, पोरी. गाव का सोडलं. घरात काय खात न्हाईत. लेकी कुटं दिल्या. एवढं कळलं की घराणं कळलं."

आता, गिऱ्हाइकाला परस्पर ईमेल करायची न्हाय, हा मॅडमचा पयला नियम. पण मॅडमनं पुढं पाठवलेल्या ईमेलच्या खाली अॅलनचा पत्ता तसाच राहिला होता. उत्कर्षानं तीन प्रश्न इंग्रजीत केले, जसेच्या तसे, आणि बटण दाबून मोकळी झाली.

"तू गोऱ्या माणसाला विचारलीस, घरात काय खात न्हाईत म्हणून?" पप्पा म्हणले.

"व्हय."

"काकाला फोन करतो. खुर्चीचं प्लॅस्टिक ठेव म्हणलो होतो, आता काढ म्हणून सांगतो."

आणि केला की फोन, तिच्यासमोर.

गुरुवारी दुपारी अॅलनचं उत्तर आलं, हे एवढं लांब. त्याला वाटलं गंमत हाय, म्हणून त्यानं हसत हसत आईला फोनवर ते प्रश्न वाचून दाखवले. आई हसलीच न्हाय. सरळ म्हणली, हंस.

"हंस म्हणजे सरस्वतीचा?" पप्पा मागनं वाकून बघत होते.

"न्हाय. बदकाचा थोरला भाऊ. नाताळात खातात तिकडं."

वेबस्टर खात न्हवते. अॅलनला वाटायचं, आईला चरबी चालत न्हाय. आईनं सांगितलं की तिच्या नवऱ्याच्या पणज्याचं आणि पिठाच्या गिरणीवाल्याचं एका हंसावरनं भांडण झालं. गिरणीवाल्याचा हंस त्यांच्या आवारात घुसून पोराला चावला, म्हाताऱ्यानं तो मारला, आणि पुढं असं वाढलं की बिऱ्हाड गाडीत घालून दुसऱ्या गावी गेले. त्या म्हाताऱ्याला चार लेकी. चौघींची नावं आणि सासरं आईनं धडाधड सांगितली. त्यातली एक अॅलननं आयुष्यात पयल्यांदा ऐकली.

उत्कर्षानं शुक्रवारी सकाळी निंगप्पाच्या चालीवर सगळं लिहिलं. मूळ बाई, मग गाव, मग हंस, मग लेकी. पाठवलं. तासाभरात मॅडमची एक ओळ आली. तुम्ही गिऱ्हाइकाशी परस्पर संपर्क केला, सोमवारी कळवते.

बस. तेवढंच.

रविवारी संध्याकाळी पाचला अॅलनचा व्हिडिओ कॉल आला. आईला इतिहास लिहिणारीच्या तोंडून ऐकायचा होता. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. निंगप्पा पेठेतली घरं उरकून मुक्कामाला आलेला, तो जमखान्यावर बसला, वही मांडीवर. पडद्यावर म्हातारी, डोक्यावर कागदाची टोपी. उत्कर्षा वाचत गेली, आणि हंसापाशी आली तशी म्हातारीनं हात वर केला.

"हंस गिरणीवाल्याचा न्हवता," ती म्हणली. "आमचा होता. गिरणीवाल्याच्या पोराला चावला, आणि त्यानं मारला. सासूनं मला सांगितलं आणि म्हणली, बाहेर बोलू नको."

"आई," अॅलन म्हणला, "परवा तर तू..."

"परवा मी एकोणऐंशीची होते."

उत्कर्षानं घरच्यांना मराठीत सांगितलं. निंगप्पानं मान डोलावली, त्याला काय नवीन न्हवतं ते. पप्पा जमखान्याची कड सरळ करत बसले.

सोमवारी सकाळी उत्कर्षानं ईमेल उघडली आणि उभ्यानंच वाचली. नियम तो नियम, मॅडमनं लिहिलं होतं, परत असं करायचं न्हाय. पण वेबस्टर बाईंनी चार लेकींच्या सासरची चार आडनावं मागवलीत आणि ती उत्कर्षानंच लिहावीत म्हणून हट्ट धरलाय. तर तेवढे ते तीन प्रश्न पाठवून द्या, इथून पुढं आम्हीच सगळ्या गिऱ्हाइकांना आधी विचारू. ट्रायल संपली, काम पक्कं.

निंगप्पा निघायच्या तयारीत होता, पेन काढून. "हिला कुटं दिली लिवू?"

"हितंच हाय लिवा," उत्कर्षा म्हणली. "आडनावं लिहिती म्हणून लिवा."

"म्हंजे हेळवी." निंगप्पा लिहीत गेला. "आन् अण्णा, त्या येलाचं? बदलायचं असंल तर सांगा, वही उघडीच हाय."

पप्पांनी खिडकीबाहेर बघितलं.

"राहू द्या," ते म्हणले. "आपलाच होता. आजोबांनी मला सांगितलेलं."

मग त्यांनी मोबाईल काढला, कुर्डुवाडीला लावला, आणि गॅलरीत जाऊन हळू आवाजात म्हणले, "प्लॅस्टिक काढलास काय रे? ... मग परत घाल."