गरम पाण्यात धुतलेले रुमाल

शाईला दूध. तेलाला खडूची भुकटी. गंजाला लिंबू-मीठ, वर ऊन. चहाला उकळतं पाणी, तेही उंचावरून धार धरून. गल्लीत कुणाच्या कपड्यावर काही सांडलं की कपडा डागवहिनीकडे यायचा. नवरा म्हणायचा, "मला तेवढं भिजत घालू नकोस म्हणजे मिळवलं."

आज त्याच्या पँटच्या खिशात रुमाल निघाला. चोळामोळा झालेला, पण धुतलेला. मधोमध तपकिरी डाग.

"हे काय हो?"

"चहा." डोकं पेपरातच.

"आणि धुतलात तुम्ही? जन्मात कधी स्वतःचा कप विसळला नाहीत!"

"तूच सांगतेस ना सगळ्यांना, चहाला गरम पाणी. म्हटलं, बायकोची विद्या आपणही वापरून बघू."

ती हसली. हसू अर्ध्यावरच राहिलं,

कारण चहा असता तर गेला असता.

(एक उपाय वर सांगायचा राहिला. रक्ताला थंड पाणी. फक्त थंड, मूठभर मीठ घालून. गरम पाणी लागलं की रक्त धाग्यात शिजतं, तपकिरी पडतं, मग देव आला तरी निघत नाही.)

त्याच्या जुनाट खोकल्यासाठी गेले होते तेव्हाच डॉक्टरांनी दोघांना बजावलं होतं, खोकल्यातून रक्त दिसलं तर त्याच दिवशी या. उशीर केलात तर आमच्या हातात काही राहणार नाही.

तिनं त्याचं कपाट उघडलं. स्वेटरांच्या खाली एक रुमाल. ओढला, तर मागून दुसरा आला. त्यामागून आणखी. सगळे नीट घडी घातलेले, सगळ्यांवर तोच तपकिरी रंग. तळातले तर त्यानं थंडीत ‘हरवले’ म्हणून सांगितलेले होते, आणि आता डोक्यावर पंखा गरगरत होता.

रुमालांचा गठ्ठा घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"उठा. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे."

त्यानं पेपराची घडी घातली. "जाऊन आलो."

"कधी? काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी यायला हवं होतं."

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर भिजत घातलं असतंस मला." तो हसला. ती हसली नाही.

मोरीत जाऊन तिनं बादली भरली. थंड पाणी. मूठभर मीठ. रुमाल एकेक करून दाबून बुडवले.

तो दाराला टेकून बघत होता.

"निघतील?"

"नाही."

"मग कशाला?"

ती चोळत राहिली. पाणी स्वच्छच होतं. डागातून काही सुटतच नव्हतं.

"पुढचे तरी," ती म्हणाली, "गरम पाण्यात घालू नका."

त्याला ढास लागली. त्यानं खिसा चाचपला, मग दुसरा. रुमाल सगळे बादलीत. तिनं ओले हात पुसले, गल्लीतल्या कुणाचा तरी डाग काढून, इस्त्री करून ठेवलेला पांढरा रुमाल त्याच्या हातात दिला, आणि बादली जवळ ओढून थांबली.